दोन कप उजवीकडे

लिफ्ट समोर उघडी होती, तरी गजरा जिन्याकडे वळली. तिसऱ्या पायरीवर डाव्या गुडघ्याने कुरकुर केली, तसा तिने कठड्याला हात दिला.

"आई, लिफ्ट आहे गं. तीन मजले आहेत," मागून वैजयंता म्हणाली.

"एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यांची ओझी घेऊन टेकडी चढले. आता रिकाम्या हातानं तीन मजले चढायला मला पेटी लागंल होय?"

एरवी वैजयंताच्या तोंडाला खळ नसे, पण आज ती सकाळपासून गप्पच होती. मी काम करते तिथल्या मालकांना तुला भेटायचंय, तुझा सत्कार करायचाय, एवढंच तिने सांगितलं होतं. गजरानेही ठेवणीतलं अंजिरी लुगडं नेसून घेतलं होतं. सत्कार कसला, हे विचारायचं तिने मुद्दाम टाळलं. पोरीच्या पोटात काय आहे ते पोरीनेच ओठांवर आणावं, अशी तिची रीत होती.

गजरा गांगुर्डे मोरटेकडी क्लबात कॅडी होती. गोल्फ खेळणाऱ्या साहेबांची बॅग खांद्यावर घेऊन चालायचं, बॉल कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं, आणि हिरवळीवर पोचलं की बॉल खड्ड्यात जाण्यासाठी नेमका कुठे रोखून मारायचा ते सांगायचं, हे कॅडीचं काम. त्या खड्ड्याला कप म्हणतात आणि कॅडींचं मोजमापही कपातच चालतं. 'एक कप उजवीकडे' म्हणजे खड्ड्याच्या एका रुंदीएवढं बाजूला रोखून मार, पुढचं काम उतार करील. साहेब लोक उकिडवे बसून, एक डोळा मिटून हिरवळ बघत. गजरा चपला काढून तिच्यावरून एकदा चालून येई. तळव्यांना उतार कळे, गवत कुठल्या अंगाला झुकलंय तेही कळे. मग साहेब डोळा उघडून तिच्याकडे बघत.

पाण्याचा कायदा आला आणि बारा वर्षांमागे क्लब बंद झाला. माणसांना तिसऱ्या दिवशी पाणी मिळायचं, तेव्हा गवताला रोज कोण पाजणार? गजराला ते पटलंही होतं. टेकडी सपाट करून तिथे आता गोदामं उभी आहेत. हात रिकामे झाले तशी ती समाजमंदिरात दुपारच्या वर्गाला जाऊ लागली आणि साठाव्या वर्षी अक्षरं शिकली. अजूनही ती ओळीखाली बोट धरून वाचते, पण एकही शब्द सोडत नाही.

तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार आपोआप बाजूला झालं आणि गजरा थबकली. दारावर नाव होतं, 'मोरटेकडी'.

"टेकडी पाडली आणि नाव उचलून वर आणलं काय गं?"

"आत चल ना, आई."

आत गार होतं. कोथिंबीर वडी तळल्याचा वास येत होता. तो वैजयंताच्या हाताचा, गजराने लगेच ओळखला. एका बाजूला लांबलचक बार, मधे जेवणाची टेबलं आणि पलीकडे ओळीने आठ उघड्या खोल्या. प्रत्येक खोलीत भिंतभर पडदा, पडद्यावर हुबेहूब मोरटेकडी. माणसं खऱ्या काठीने खरा बॉल मारत. बॉल पडद्यावर आपटून खाली पडे आणि चित्रातला बॉल आभाळात उडत राही. मारून झालं की लोक सोफ्यावर टेकून बिअर पीत. चालणं नाही, ऊन नाही, काटा नाही. पहिल्या आंब्याखालचं वारूळसुद्धा चित्रात होतं. गजराला हसू आलं. खेळाचा फक्त गर काढून घेतला होता, साल टाकून दिली होती.

वैजयंताने आल्याआल्या खिशातून करडे हातमोजे काढून घातले. त्यांच्यावर केसासारख्या बारीक तारा होत्या.

"हे काय?"

"स्वच्छतेसाठी. स्वयंपाकघरात सगळ्यांना आहेत."

तेवढ्यात शेवटच्या मोठ्या खोलीतून बाईमाणसाचा आवाज आला.

"उजवीकडं दोन कप, साहेब. हळू हातानं. गवत नाल्याकडं ओढतंय."

गजराने चमकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. आवाज तिचा होता. घसा तिचा, 'साहेब' म्हणताना खाली उतरणारा सूर तिचा, 'ओढतंय'मधला हेलही तिचाच. फक्त दम ताजा होता; आता तिला वाक्याच्या मधे श्वास घ्यावा लागे.

"वैजू, हे कोण बोललं?"

बारवरच्या पोऱ्याने तत्परतेने खाद्यपेयांचं कार्ड पुढे केलं. गजराने बोट धरून वाचलं. 'गजरा स्पेशल. आलं घातलेलं थंडगार कोकम.'

"बरं झालं, वड्यांना नाव दिलं नाही," ती म्हणाली. "नाहीतर लोकांनी मला चटणीला लावून खाल्लं असतं."

*

ऋषिकेश सबनीस पस्तिशीचा, हसरा, पायांत पांढरे बूट. मोरटेकडीच्या जुन्या सबनीस साहेबांचा हा नातू. त्याने वाकून नमस्कार केला.

"मावशी, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं? सात वर्षांचे होता तुम्ही. आजोबांबरोबर आला होता आणि पाचव्या हिरवळीवर उलटी केली होती. मीच धुतली."

जवळच्या टेबलावर कुठल्याशा कचेरीतले सहाजण बसले होते. ते मोठ्याने हसले. ऋषिकेशही हसला, पण जरा कमी.

त्याने तिला मोठ्या खोलीत नेलं. तिथे पडदा नव्हता. जमिनीवर हिरवळ होती, मधे खराखुरा कप, त्यात लाल झेंडा. गजराने पाहताक्षणी ओळखलं. ही सातवी. क्लबातली सगळ्यांत खट्याळ हिरवळ.

ऋषिकेश उत्साहाने सांगू लागला. ह्या गवताखाली बारा हजार लोखंडी दांडे आहेत. प्रत्येक दांडा केसाच्या जाडीएवढाही वरखाली होतो आणि त्यातून हवी ती हिरवळ तयार होते. टेकडीवर यंत्रं चालण्याआधी त्याने तीन दिवस ड्रोन उडवून इंच न् इंच मोजून घेतला होता. गवत प्लास्टिकचं, पण कंगवा घासला की केस कसे एका बाजूला ओढले जातात, तशी विजेने त्याची पाती हवी तिकडे झुकवता येतात.

"आणि माझा आवाज कुठं मोजला?" गजराने विचारलं.

"आजोबांच्या कानात." आजोबांना शेवटची सहा वर्षं कमी ऐकू येत होतं. त्यांचं कानातलं यंत्र वाऱ्याचा आवाज आणि माणसाचं बोलणं वेगळं करण्यासाठी सगळं साठवून ठेवायचं. बॉलमध्येही तेव्हा चिप असे. आजोबा गेले आणि दोन्हींची नोंद नातवाच्या हाती आली. बॉल कुठे होता, गजरा काय म्हणाली, मग बॉल कुठे गेला, हे त्याने हजारो वेळा नव्या यंत्रापुढे मांडलं. यंत्राला गोल्फ कळत नाही, गजराही कळत नाही. ते फक्त जोड्या लावतं. अशा उताराला बाई असं म्हणाली आणि बॉल खड्ड्यात पडला, म्हणजे ते म्हणणं खरं. आता यंत्र कुठल्याही जागेवरून तिच्या आवाजात सल्ला देतं. "लोक पडद्यासाठी येत नाहीत, मावशी. गजराताईचा सल्ला ऐकायला येतात."

"मग माझ्याकडं काय काम काढलं?"

ऋषिकेशने मान खाजवली. "एकच अडचण आहे. सल्ला ऐकून मारला की बॉल थोडा उजवीकडे राहतो. बाकीच्या हिरवळींवर खपून जातं. सातवीवर नाही. चार हजार माणसांनी इथून मारला. सल्ला ऐकून मारणाऱ्या एकाचाही गेला नाही. सगळ्यांचा उजवीकडून निसटतो, एक कपभर. म्हणजे आमची फरशी कुठेतरी चुकतेय. तुमच्या तळव्यांना असं काही कळत होतं, जे ड्रोनला दिसलं नाही. तुम्ही एकदा हे तारांचे पायमोजे घालून अठरा हिरवळी चालायच्या. बस्स."

गजराने तोंडावर पदर धरला. त्याला वाटलं, म्हातारीला भरून आलं. खरं तर तिने हसू दाबलं होतं.

फरशी चुकली नव्हती. दोन कप ही सातवीची रेघ नव्हतीच. सातवीची रेघ एक कप. दोन कप ही सबनीस साहेबांची रेघ होती. त्यांचा डावा गुडघा झिजला होता. ऐन मारताना तो कच खायचा, कंबर फिरायची आणि बॉल डावीकडे ओढला जायचा. म्हणून गजरा त्यांना एक कप जादा सांगायची. जादा कप आणि ओढलेला बॉल एकमेकांना खात आणि बॉल टुपकन आत पडे. साहेबांना वाटे, आपण काय सरळ मारतो! त्यांना खरं कधीच सांगितलं नाही. भिका कॅडीने एका साहेबाला 'आपले हात कापतात' असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो फाटकाबाहेर. तेव्हापासून कॅडींच्या पडवीत एकच कायदा होता. साहेबाच्या अंगात खोट आहे असं म्हणायचं नाही, जमिनीत खोट आहे असं म्हणायचं.

यंत्राने बाईचा सल्ला ऐकला, बॉल पडलेला पाहिला, पण साहेबाचा गुडघा त्याला कोणी दाखवलाच नव्हता.

"कागद आणा," गजरा म्हणाली.

*

कागद चार पानी होता. ऋषिकेशने शेवटचं पान उघडून, जिथे फुली होती तिथे बोट ठेवलं. "इथे अंगठा दिला तरी चालेल."

गजराने पानं उलटून पहिल्यापासून सुरुवात केली. बोट ओळीखाली सरकू लागलं. कचेरीतली मंडळी हातात पेले घेऊन दाराशी जमली होती. पहिलं पान झालं. ऋषिकेशने घड्याळ पाहिलं. दुसऱ्या पानावर बोट थांबलं आणि तिने मोठ्याने वाचलं.

"'सदर व्यक्ती आपली चाल, तोल, स्पर्शज्ञान व त्यावरून घेतलेले निर्णय कंपनीस कायमचे देत असून, तत्सम सल्ला अन्य कोणासही, कोणत्याही स्वरूपात देणार नाही.' म्हणजे काय, साहेब? उद्या कोणी मला विचारलं, गजरा, बॉल कुठं मारू, तर मी गप बसायचं?"

"ती फक्त कायद्याची भाषा आहे, मावशी. चाळीस शहरांत तुमची चाल जाणार आहे. तुम्ही अमर होणार!"

"मला आधी मरायचं तरी विचारलं का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. गजराने वाचणं सोडलं नाही. "'हा करार, यापूर्वी आवाजाबाबत दिलेल्या संमतीपत्रास पूरक समजावा.' मी कधी दिली संमती?"

ऋषिकेशने वैजयंताकडे पाहिलं.

"मी दिली," वैजयंता म्हणाली. "पाच महिने झाले. त्यात एक रकाना होता. वाचता-लिहिता येत नसेल तर वारसाची सही. मी तिथं केली."

बाराखडी गिरवताना हीच पोरगी शेजारी बसून 'आई, वेलांटी उलटी काढलीस' म्हणून हसायची.

"मला वाचता येत नाही असं लिहून दिलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस! मला माहीत होतं. आणि त्यांनी सांगितलं होतं, आईचा आवाज मिळाला तर स्वयंपाकघर तुझ्या हाताखाली. दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली कांदे चिरले, आई."

"मग भांडायचं होतंस माझ्याशी. भांडून घेतलं असतंस तर मी दिलाही असता आवाज, कोण जाणे. माझी अक्षरं कशाला पुसलीस?"

वैजयंताचे डोळे भरले, पण तिने मान वळवली नाही. गजराने कागदाची घडी घातली आणि ऋषिकेशकडे वळली. आता ती 'साहेब' म्हणाली नाही.

"ऋषी, ऐक. क्लबाला सोमवारी सुट्टी असायची. त्या दिवशी कॅडींना खेळायला परवानगी होती. फक्त गड्यांना. आम्ही बायकांनी झेंडा धरून उभं राहायचं. एकोणचाळीस वर्षं मी सातवीची रेघ सांगितली, पण सातवीवर एक बॉल मारला नाही. आज कोण वार आहे?"

"सोमवार," कचेरीतला एकजण दारातून ओरडला.

"तीन बॉल दे. चार हजार माणसं जिथून चुकली तिथूनच मारते. एक जरी आत गेला तर पहिला कागद मला परत द्यायचा, आवाज पुसायचा आणि ह्या कागदाचं नाव काढायचं नाही. तिन्ही चुकले तर तुझे मोजे घालून अठरा काय, छत्तीस हिरवळी चालते. सहीपण करते, माझ्या हातानं."

वैजयंता पुढे आली. "आई, असं नको. तिन्ही चुकले तर सगळंच जाईल तुझं."

"अर्धं तर तू आधीच दिलंयस."

ऋषिकेशने क्षणभर विचार केला. म्हातारी एकाहत्तरची, हातात कधी काठी धरली नाही, आणि जागा अशी की चार हजारांनी हात टेकले. शिवाय सहाजण बघत होते. "मान्य," तो म्हणाला.

"मान्य म्हणू नकोस. लिही."

त्याने कागदाच्या पाठीवर लिहिलं. गजराने ते बोट धरून वाचलं, राहून गेलेली तारीख घालायला लावली आणि कागद चोळीत खोचला. मग छताकडे हात केला. "आणि तो लाल दिवा विझव. माझे पाय फुकट मोजायचे नाहीत."

लाल दिवा विझला.

*

तिने चपला काढल्या आणि हिरवळीवर पाय ठेवला. गवत प्लास्टिकचं होतं, ओलावा नव्हता, मातीचा वास नव्हता. पण उतार! कपाच्या अलीकडची ती उशीसारखी फुगीर जागा, मग डावीकडे नाल्याच्या अंगाची लबाड घसरण. तळवे जुन्या ओळखीच्या माणसाला भेटल्यासारखे हलले. फरशी खरी होती. पोराने मापं चोख घेतली होती, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

तिने काठी धरली. अगदीच अडाणी हात नव्हते तिचे. तरुणपणी कॅडींच्या पडवीमागे मोडक्या काठीने ती पत्र्याच्या डब्यात बॉल घालायची. दहातले सात जायचे.

"उजवीकडं दोन कप, साहेब," छतातून तिचाच आवाज आला. "हळू हातानं."

"ते सबनीसांना सांग," ती पुटपुटली आणि एक कप उजवीकडे रोखून मारलं.

बॉल छान निघाला, फुगवट्यावर चढला, वळला आणि कपाच्या डावीकडून सरकून गेला. एक कपभर डावीकडून.

"अरे!" कचेरीतल्यांपैकी एक बाई म्हणाली. "सगळ्यांचा उजवीकडून जातो, आजींचा डावीकडून!"

गजराच्या कपाळाला आठी पडली. हात हलला असेल. ती पुन्हा उभी राहिली. तीच रेघ, एक कप. श्वास रोखला. मारलं. बॉल पहिल्याच्या वाटेने गेला, जणू रूळ टाकला होता. डावीकडून, एक कपभर.

ऋषिकेशने पायमोज्यांची पिशवी उघडून ठेवली.

घाम मानेवरून पाठीत उतरला. फरशी खरी, रेघ खरी, हातही नीट. मग बॉल डावीकडे कसा? तिने तिसरा बॉल ठेवला आणि वाकली, आणि वाकतानाच डाव्या गुडघ्यातून ती ओळखीची कळ निघाली. जिन्यात आली होती तीच.

ती वाकलेलीच राहिली.

एकोणचाळीस वर्षं बॅग डाव्या खांद्यावर. सबनीस साहेबांची बॅगही त्याच खांद्यावर. त्यांचा गुडघा वयाने झिजला, हिचा त्यांच्या काठ्यांनी. ऐन मारताना हिचाही गुडघा कच खात होता, हिचीही कंबर फिरत होती. पडवीतला कायदा तिने इतका पाळला होता की स्वतःच्या अंगातली खोटही तिला जमिनीत शोधावीशी वाटली.

"उजवीकडं दोन कप, साहेब," वरून आवाज आला. तीच ती, पंचावन्न वर्षांची, दमदार. "हळू हातानं. गवत नाल्याकडं ओढतंय."

चार हजार माणसांना लागू न पडलेली ही रेघ जगात दोनच गुडघ्यांसाठी होती. एक गेला होता. दुसरा इथे उभा होता.

"बरोबर सांगतीस गं, गजरा," ती हळूच म्हणाली. "पण साहेब म्हणू नको."

तिने दोन कप उजवीकडे रोखलं. हळू हाताने मारलं. ऐन वेळी गुडघ्याने कच खाल्ली, खाऊ दिली. बॉल निघाला, फुगवट्यावर चढला, तिथे क्षणभर रेंगाळला, मग नाल्याकडच्या उताराने त्याला ओढून घेतलं. टुप्प.

आधी कचेरीतली मंडळी ओरडली, मग बार, मग स्वयंपाकघरातून झारे हातात घेऊन आलेली माणसं. वैजयंता तोंडावर हात ठेवून उभी होती.

ऋषिकेशचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "पण... तुम्ही तर यंत्राचंच ऐकलंत! दोन कपच रोखलंत! मग बाकी सगळ्यांचा का जात नाही?"

गजराने काठी त्याच्या हातात दिली.

"तुझं यंत्र बरोबर आहे, ऋषी. माणसं चुकीची आहेत."

*

शब्द लिहून दिला होता आणि तो सगळ्यांसमोर होता. ऋषिकेशने कपाटातून पहिला कागद आणला. वारसाच्या सहीचा रकाना गजराने वाचला, कागदाचे चार तुकडे केले आणि वैजयंताच्या ओंजळीत ठेवले. रागाने नव्हे. पोरीच्या चुकीचा कचरा पोरीनेच टाकावा, एवढंच.

मग ऋषिकेशने यंत्राच्या काचेच्या पाटीवर बोटं फिरवली. "पुसू?" त्याने विचारलं. आवाजात अजून आशा होती. "मावशी, नीट विचार करा. तुमच्यानंतर हे कोणालाच कळणार नाही."

"माझ्यानंतरचं माझ्या पोरीला ठाऊक असंल. पूस."

"उजवीकडं दोन क..." छतातला आवाज मधेच थांबला. गजराने वर पाहिलं नाही.

ऋषिकेशने पाटी खाली ठेवली आणि वैजयंताकडे वळला. "तुझ्याबद्दल उद्या बोलू. स्वयंपाकघर आवाजाच्या बदल्यात होतं, आठवतंय ना?"

वैजयंताने कागदाचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग एकेक बोट सोडवत तिने करडे हातमोजे काढले आणि त्याच्यापुढे बारवर ठेवले.

"उद्या कशाला? आजच बोलू. हे स्वच्छतेसाठी आहेत, असं तुम्ही मला सांगितलं, मी आईला सांगितलं. चिमूट किती, पीठ किती मळलं, तेल तापल्याचं मला कधी कळतं, सगळं ह्यात साठतंय. पुढच्या महिन्यात माझाही कागद येणार आहे, मला ठाऊक आहे. न येऊ दे. वड्या खायच्या असतील तर माझ्या उघड्या हाताच्या. नकोत तर तसं सांगा, हे हात कुठंही चालतील."

झारे घेऊन उभ्या असलेल्यांतल्या एकीने आपलेही मोजे काढले. मग दुसऱ्याने. बारवर करड्या मोज्यांचा लहानसा ढीग झाला. दाराशी कचेरीतल्या माणसाने रिकामी ताटली वर धरली. "अहो मालक, वड्या आणखी दोन प्लेट सांगितल्यात आम्ही. आधी त्यांना आत जाऊ द्या की!"

"जाईल," गजरा म्हणाली. "जरा दम धरा. इकडं ये, वैजू."

तिने काठी पुन्हा घेतली आणि पोरीच्या हातात दिली. वैजयंताने आईकडे पाहिलं. "मला नाही येत."

"चपला काढ. नुसती उभी राहा आधी. काय लागतंय पायाला?"

वैजयंता अनवाणी उभी राहिली. बराच वेळ. "डावीकडं... काहीतरी ओढतंय."

"लागतंय ना? मग झालं." गजरा दोन पावलं मागे सरकली. पोरीचे पाय पाहिले, घोटे पाहिले, गुडघे पाहिले. घट्ट, सरळ, कुणाचं ओझं न वाहिलेले गुडघे. मग तिने पोरीच्या कानाशी तोंड नेलं.

ऋषिकेश नकळत पुढे सरकला. आणखी एक पाऊल. त्याची मान वाकडी झाली, कान पुढे आला. गजराने ते बरोबर हेरलं. कपातला लाल झेंडा उपसला आणि त्याच्या हातात दिला.

"तिकडं, कपापाशी उभा राहा," ती म्हणाली. "सावली रेघेवर पाडू नकोस. बॉल जवळ आला की झेंडा बाजूला घ्यायचा, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

"मावशी, मी झेंडा धरू?"

"नीट धर. सोमवार आहे."